नकाशा रिकामा दिसतो, म्हणून लोक थांबत नाहीत

भाऊ, गावोगावच्या जागांची माहिती लोकांनी नकाशावर टाकावी अशी तुमची साइट आहे, पण तिथे कोणी थांबत नाही म्हणता; तर अख्खा महाराष्ट्र एकदम धरू नका. नंदुरबार ते सावंतवाडी मिळून दहा नोंदी दिसल्या की बघणाऱ्याला वाटतं, साइट बंद पडलीय. एकच तालुका घ्या. समजा जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल: पद्मालयाचा गणपती, फरकांड्याचे झुलते मनोरे. पण यांची माहिती सगळीकडे आहे. एसटी कुठे सोडते, पुढे रिक्षा मिळते का, हिवाळ्यात भरीत पार्टीला शेत कोण देतं, हे लिहा. अशा तीस-चाळीस नोंदी स्वतः टाकल्याशिवाय कोणाला बोलावू नका.

आता लोक खरे कुठे गळतात ते. पान उघडताच लोकेशनची परवानगी मागता ना? माणूस घाबरून ‘नको’ दाबतो, ब्राउझर बहुतेकदा ते लक्षात ठेवतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन ते कोणी बदलत नाही. आधी गावांची यादी दाखवा. ‘माझ्या जवळचं’ हे बटण दाबल्यावरच विचारा. एचटीटीपीएस (साइटचं सुरक्षित कनेक्शन, पत्त्याच्या सुरुवातीला https) नसेल तर ब्राउझर लोकेशन देतच नाही, तेही तपासा. पाच किलोमीटरच्या आत काही नसेल तर परीघ आपोआप पंचवीसपर्यंत वाढू द्या. वाचायला लॉगिन तर अजिबात नको.

नुसत्या नकाशावरच्या टाचण्या गूगलला वाचता येत नाहीत. प्रत्येक नोंदीला वेगळं पान, वेगळा वेब-पत्ता आणि देवनागरी शीर्षक द्या, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या साधनात, टाका. लिंक व्हॉट्सॲपवर टाकल्यावर फोटो दिसतो का, तेही बघा. गावाच्या ग्रुपवर तोच उघडायला लावतो.

आणि हो, लोकांनी चढवलेल्या फोटोंच्या फाइलमध्ये दडलेलं जीपीएस (फोटो कुठे काढला ती जागा) काढून टाका. घराचा पत्ता उघडा पडला तर तो माणूस पुन्हा लिहिणार नाही.