हेरल्डचं मडगार्ड बाहेरून मागवण्याआधी

तुम्ही लिहिलंय की वडिलांची दोन दरवाज्यांची स्टँडर्ड हेरल्ड (इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेरल्डची भारतात बनलेली आवृत्ती) वाडा पाडायच्या आधी बोळातून ओढून काढलीत, डावं मडगार्ड हेडलाइटच्या खालून चाळणी झालंय, डिकीच्या तळातून फरशी दिसते, आणि इंग्लंडातला एक जण वापरलेलं पण 'ओरिजिनल' मडगार्ड स्वस्तात द्यायला तयार आहे. मागवू का, असं विचारलंय. मी सात वर्षांपूर्वी हे कुणालाच विचारलं नाही, सरळ पैसे पाठवले. तेही डाव्याच मडगार्डासाठी.

नका मागवू. निदान वापरलेलं तरी नकोच.

गंज कसा तपासायचा, फोटो कसे काढायचे, बोल्टांना आदल्या रात्री तेल कसं सोडायचं हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. आपल्यात, जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत, सगळे एकच मंत्र देतात: नव्या नकलेपेक्षा जुना कंपनीचा पत्रा बरा. मंत्र चुकीचा नाही, पण तो जुन्या बाजारात उभं राहून हातात पत्रा धरणाऱ्यासाठी आहे. समुद्रापलीकडून माल येतो तेव्हा तोच अंगाशी येतो. आपल्या विदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकीचा वापरलेला माल निर्बंधित आहे, त्याला डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो. घरच्या एका गाडीचं एक मडगार्ड असलं तरी. नव्या पार्टला ही अट नाही, ड्युटी भरा आणि घेऊन जा.

माझं मडगार्ड १२० पौंडांचं होतं. विकणारा म्हातारा प्रामाणिक, त्यानं बिलावर स्वच्छ लिहिलं: वापरलेलं. माल मुंबईत उतरला आणि कस्टममध्ये अडकला. मी एक क्लिअरिंग एजंट धरला, नाव घेत नाही. त्याच्या ऑफिसात काचेच्या टेबलामागे बसलेला माणूस प्रत्येक वेळी म्हणायचा, "साहेब, फाइल वर गेलीय." वर म्हणजे कुठे, ते कधी कळलं नाही. डेक्कन क्वीननं मी पाच फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला त्यानं गाडीच्या आरसीची प्रत मागितली, तिसऱ्या फेरीला तीच प्रत पुन्हा, चौथ्या फेरीला तो जेवायला गेला होता, साडेअकरा वाजता. दरम्यान गोदामाचं डॅमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) रोज चढत होतं.

पाचव्या फेरीला वैतागून मी थेट तपासणी अधिकाऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्या बाईंनी कागद उलटला, बिलावरच्या एका शब्दावर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "वापरलेलं आहे, परवाना नाही. दंड भरून सोडवा, नाहीतर सोडून द्या." साडेतीन महिन्यांत हे एक वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. एजंटाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, रोज तेच काम करतो तो. मी सोडून द्यायला हवं होतं. पण हट्ट. दंड, ड्युटी, डॅमरेज आणि त्या काचेच्या टेबलाची फी धरून मडगार्ड मूळ किमतीच्या चौपट पडलं.

घरी आणून खोका फोडला, फ्रिजवरचं मॅग्नेट काढून पत्र्यावर फिरवलं. चाकाच्या कमानीपाशी ते चिकटेना, घसरून पायावर पडलं. चांगली अर्धा इंच जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती, वर सुरेख रंग. ज्या जागेसाठी मागवलं, नेमकी तीच जागा पोकळ.

(एजंट सुचवेल की 'भेटवस्तू' किंवा 'नवीन' लिहून मागवा. त्या फंदात पडू नका. खोटं बिल पकडलं गेलं तर ते मडगार्डापेक्षा महाग पडतं. मी कस्टमचा माणूस नाही, नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा पैसे पाठवण्याआधी त्या दिवशीचा नियम स्वतः वाचा.)

बाहेरून मागवायचंच असेल तर नवीन बनवलेला पार्ट मागवा, तिकडे त्याला 'पॅटर्न पार्ट' म्हणतात. एनओएस म्हणजे जुन्या साठ्यातला, न वापरलेला. असा मिळाला तर बिलावर 'नवीन, न वापरलेला' हे शब्द असल्याशिवाय पैसे सोडू नका. नियरसाइड म्हणजे डावी बाजू, ऑफसाइड उजवी. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे तो गोंधळ नाही. मात्र १९६७ साली तिकडे आलेल्या १३/६० मॉडेलचं नाक उतरतं आहे, आपल्या हेरल्डसारखी हेडलाइटवर भुवई नाही. नाव हेरल्डच असतं, फोटोत घाईनं बघणारा फसतो. ड्युटी मालाच्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून लागते, आणि मडगार्ड हलकं असलं तरी खोका पलंगाएवढा होतो.

पण खरं सांगू का, तुम्हाला अख्खं मडगार्ड लागतच नाही. ही गाडी मुळात तुकड्यांची आहे. बॉडी बनवून देणारी फिशर अँड लडलो कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या स्पर्धक कंपनीनं घेतली, तेव्हा ट्रायम्फवाल्यांनी वेगळी चेसिस घेऊन त्यावर निरनिराळे भाग बोल्टनं कसायची पद्धत काढली. तेव्हाची ती अडचण आज आपल्या पथ्यावर पडते. छत बोल्टचं, दाराखालच्या सिल बाहेरून कसलेल्या, पूर्ण बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. मडगार्ड आणि मधला पत्रा यांचा सांधा वरच्या पट्टीखाली लपलेला असतो. म्हणजे तुमच्यासारखा खालचा कुजलेला वीतभर भाग कापून तेवढाच तुकडा घालता येतो. डिकीचा तळ तर त्याहून सोपा.

माझ्या डेंटरनं शेवटी तेच केलं. भोसरीतून २० गेजचा सीआरसीए (साधा पोलादी) पत्रा बेंड करून आणला, कमानीचा गोल हातानं ठोकला, आणि सीओटू वेल्डिंगचे टाके एकाआड एक मारले, पत्रा तापून वाकू नये म्हणून. गॅस वेल्डिंग करू देऊ नका, कितीही जुना मिस्त्री असो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा 'गंजत नाही' म्हणून कुणी गळ्यात मारेल, वेल्डिंगला तो त्रासदायक आणि धूर वाईट. आणि पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस दिसतो, त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर मारा.

तुकडा टाक्यांवर असतानाच बॉनेट गाडीवर चढवा, बंद करा, दाराच्या कडेशी फट बघा, मगच पूर्ण वेल्ड. स्टँडवर सुंदर दिसणारं बॉनेट गाडीवर दाराला घासतं. आधी पुढच्या बिजागऱ्या आणि मागचे रबरी कोन ठीक आहेत ना बघा, नाहीतर फट पत्र्याची म्हणून तुम्ही भलतंच ठोकत बसाल.

बाकी शोधायचं असेल तर पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार आहेच, पण तिथे हेरल्डचं पत्र्याचं काही मिळेल ही आशा धरू नका, दिवे आणि हँडल मिळाली तर नशीब. नाना पेठेत पत्र्यासाठी पाय झिजवू नका. ही गाडी मद्रासजवळ वंडलूरला बनत होती, म्हणून मी चेन्नईच्या पुदुपेटला, गाड्यांच्या जुन्या पार्टांच्या बाजारात, माणूस धाडला आणि उजवी सिल तिथूनच आली, मुंबईच्या गाडीनं, पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात. तिथला माल मॅग्नेट घेऊनच बघा.

जाता जाता. ५० वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी २०२१ पासून आहे, 'व्हीए'ची पाटी मिळते. पण त्यात बॉडी शेल मूळ रूपात लागतो आणि रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला भजी खायला जायचं असेल तर नेहमीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरणच चालू ठेवा.

जुनं मडगार्ड मात्र भंगारात देऊ नका, कितीही कुजलं असलं तरी. कमानीचा गोल आणि भुवईचा कोन दुसरीकडून मिळत नाही. मी माझ्या चांगल्या बाजूवरून ब्राउन पेपरचा साचा काढून, उलटा करून, डाव्या बाजूसाठी पुठ्ठ्यावर उतरवला होता. तो अजून गॅरेजच्या खिळ्याला लटकलाय. डाव्याच बाजूचं काम आहे म्हणताय, तर मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन या, उतरवून घ्या. पुठ्ठा मात्र नेऊ देणार नाही.