बेळगावात आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) खासगी शाळेत प्रवेश हवाय, अर्ज कसा करायचा?

अर्जाआधी आपल्या वॉर्डातल्या शाळा बघा. कायद्यात खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी 25 टक्के जागा आहेत खऱ्या, पण कर्नाटकाने 2019 पासून नियम बदललाय: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेत या कोट्यातून जागा मिळत नाही. हे आधी न कळल्याने पालकांची फार धावपळ होते, वाईट वाटतं.

शाळा आरटीईच्या यादीत असेल तर जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (दाखले देणारं स्थानिक महसूल कार्यालय) आत्ताच काढा. नावं अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या पोरीच्या जन्मदाखल्यावर आई ‘सुजाता’, आधारवर ‘सुजाथा’. दुरुस्तीत आठवडा गेला. अर्ज ऑनलाइन भरायचा, जागा कमी पडल्या तर लॉटरी. अडलात तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात जाऊन विचारा.