वर्षभरानंतरही पाऊल उचलत नाही. टेंडन ट्रान्सफर करावं का?

अपघातात गुडघ्याला मार लागून वर्ष उलटलं, भावाचं पाऊल अजून लोंबतं, आणि सर्जननी टेंडन ट्रान्सफर (चालू स्नायूचा टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा दोर, दुसऱ्या जागी जोडणं) सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बरेचसे रुग्ण कुष्ठरोगामुळे पाऊल लुळं पडलेले असतात, आणि त्यांच्यावरही हीच शस्त्रक्रिया होते.

पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस (मज्जातंतू) गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून वळते. तिथे ती कातडीलगत असल्याने मार तिलाच बसतो. कुष्ठरोगातही ती तिथेच सुजते. पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूची नस मात्र मागून जाते आणि सहसा शाबूत राहते. हाच स्नायू, टिबियालिस पोस्टीरियर, सर्जन वापरतात. त्याचा टेंडन खालून सोडवून पायाच्या दोन हाडांमधल्या पडद्यातून पुढे आणतात आणि पावलाच्या वरच्या अंगाला जोडतात. काही सर्जन तो नडगीला वळसा घालून आणतात.

एवढ्या काळानंतरही ईएमजीत (स्नायूंच्या विद्युत तपासणीत) नस सावरल्याची खूण नसेल, तर मी शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. मात्र त्या स्नायूची ताकद 5 पैकी किती, हे आधी विचारा. जागा बदलल्यावर ती साधारण एका श्रेणीने घटते, म्हणून निदान 4 हवी. पोटरी आखडली असेल तर टाचेमागचा टेंडनही लांबवावा लागतो.

खरं काम प्लास्टर निघाल्यावर सुरू होतं. "पाऊल वर घ्या" म्हटलं तर काहीच हलत नाही, कारण मेंदूच्या लेखी तो स्नायू अजून पाऊल आतच वळवतो. म्हणून मी "पाऊल आत वळवा" म्हणते, आणि ते वर येतं! त्या क्षणी रुग्णाचा चेहरा बघण्यासारखा असतो. ही हालचाल भावाला आत्ताच, शस्त्रक्रियेआधी, वेगळी करता यायला हवी. शस्त्रक्रियेनंतर तिचा सराव आधी बसून, मग उभं राहून, मग चालताना. घाईने पूर्ण भार टाकला तर जोड सैल पडतो.

पाय फरफटणं आणि गुडघा उंच उचलून चालणं बहुतेकांचं थांबतं, स्प्लिंटही (पाऊल वर धरून ठेवणारा आधार) सुटतो. बोटं पूर्वीसारखी उचलत नाहीत, गेलेली संवेदना या शस्त्रक्रियेने परत येत नाही. धावण्याची खात्री मी देणार नाही.

तारीख मिळेपर्यंत स्प्लिंट घालू द्या आणि पोटरी रोज ताणून घ्या. ती आखडू देऊ नका.