साथीत वाचलेल्या एकाच झाडाची कलमं सगळीकडे का लावू नयेत?

साथीत सगळं रान वाळलं आणि एकच झाड हिरवं राहिलं, तर त्याचीच कलमं करून सगळीकडे का लावत नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण हिरवं राहिलेलं झाड प्रतिकारक असेलच असं नाही. कदाचित त्याच्यापर्यंत रोगाच्या बुरशीचे बीजाणू पुरेसे पोचलेच नसतील. त्यामुळे आधी त्याच्या बियांपासून केलेली रोपं मुद्दाम रोगाच्या तोंडी द्यावी लागतात. ऑरेगनमधल्या डोरीना केंद्रात पांढऱ्या पाइनच्या तांबेरा या बुरशीजन्य रोगासाठी हेच करतात. रायबीस या झुडपाची तांबेरा लागलेली पानं दमट खोलीत रोपांच्या वर जाळीवर पसरतात, म्हणजे पानांवरचे बीजाणू रोपांवर पडतात, आणि पुढची काही वर्षं रोपांवर नजर ठेवतात.

समजा, झाड या परीक्षेत पास झालं. खरी अडचण इथून पुढे आहे.

शुगर पाइन या पांढऱ्या पाइनच्याच एका जातीत सीआर-१ नावाचं एक प्रभावी (म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी पुरणारं) जनुक सापडतं. बुरशी सुईसारख्या पानात शिरली की या जनुकामुळे तिथल्या पेशी स्वतःहून मरतात. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगते, त्यामुळे ती खोडापर्यंत पोचतच नाही. संशोधकाला असा स्वच्छ निकाल हवाहवासा वाटतो. पण उत्तर कॅलिफोर्नियात हॅपी कॅम्प इथे १९७० च्या दशकात हेच जनुक असलेल्या झाडांना तांबेऱ्याने गाठलं. त्या जनुकाला दाद न देणारा बुरशीचा प्रकार तिथे तयार झाला होता. बुरशीची नवी पिढी दरवर्षी येते आणि झाड शेकडो वर्षं तेच जनुक घेऊन उभं असतं, ही शर्यत मुळातच विषम आहे.

कलमांनी ती आणखी विषम होते. फ्रान्स-बेल्जियममध्ये ‘बोप्रे’ हा पॉप्लरचा वाण कलमांनीच वाढवून भरपूर लावला होता. त्याचा भरवसा होता आर-७ या तांबेराप्रतिकारावर. १९९४ मध्ये तो मोडला, आणि सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकच असल्याने मोडला तो सगळ्यांचाच.

म्हणून मला अनेक लहान जनुकांचा प्रतिकार जास्त मोलाचा वाटतो. त्यात झाडाला रोग होतो, पण खोडावरचे व्रण कमी असतात, सावकाश वाढतात, आणि काही व्रण झाडाची सालच आवळून बंद करते. हे ओळखायला वर्षं लागतात आणि पुढच्या पिढीत उतरवणं तर फारच जिकिरीचं. अमेरिकन चेस्टनट या झाडाला बुरशीच्या रोगापासून वाचवायला चिनी चेस्टनटशी संकर करताना, चिनी झाडाचा प्रतिकार दोन-तीन जनुकांत असेल असं धरून अनेक दशकं संकर झाले. जनुकसंचाचा अभ्यास झाल्यावर कळलं की तो बऱ्याच ठिकाणी विखुरलाय, आणि अमेरिकन वाटा वाढवत नेला की प्रतिकार घटतो.

कलमांना जागा आहेच, फक्त वेगळी. युरोपात अ‍ॅश या झाडाच्या मर रोगातून तगलेली वेगवेगळ्या भागांतली झाडं निवडून त्यांची कलमं एकत्र लावतात, म्हणजे त्यांचा आपापसात संकर होतो. रानात लावायला घ्यायची ती त्या बागेतल्या बियांची रोपं, आणि त्यातलं प्रत्येक वेगळं असतं.