रिस्क + डी अँड डी: निकाल बोर्डने द्यायचा की टेबलाने, ते आधी ठरवा

रिस्क आणि डी अँड डी जोडून एकच कथा चालवण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि दुखणं लगेच ओळखलं. राज्यांची लढाई रिस्कच्या (फाशांनी प्रदेश जिंकायचा बोर्डगेम) बोर्डवर, पार्टीचं (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीचं) साहस डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं होऊन कथा खेळायचा खेळ) पाचव्या आवृत्तीत, आणि चौथ्या सेशनला (बैठकीला) खेळाडू म्हणायला लागले, "आपण काहीही केलं तरी शेवटी बोर्डच ठरवतो." नकाशा कसा रंगवायचा, राज्यांना नावं काय द्यायची यात शिरत नाही. ते तुम्हाला जमतंय, फोटोत दिसतंच आहे.

गडबड तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. पार्टीने रात्री घुसून किल्ल्याचा दरवाजा उघडला, मग तुम्ही रिस्कचे फासे टाकले आणि हल्ला फसला. म्हणजे "किल्ला पडला का?" या एकाच प्रश्नाचा निकाल दोन खेळांनी दिला, आणि दुसऱ्याने पहिल्याचा पुसून टाकला. तीन तासांची मेहनत दोन फाशांनी मातीत. आमचं एक अख्खं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) याच चुकीने बसलं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

डाव मांडण्याआधी एका कागदावर दोन रकाने करा: बोर्ड काय ठरवणार आणि टेबल (म्हणजे डी अँड डीचा खेळ) काय ठरवणार. एक प्रश्न दोन्हीकडे लिहावासा वाटला तर तिथेच थांबा. माझ्या मते बोर्डने फक्त प्रदेशाबद्दल बोलावं: झेंडा कोणाचा, तुकड्या किती, रस्ता खुला की बंद. माणसांबद्दल त्याने बोलू नये. किल्ला पडला म्हणजे राणी मेली असं नाही. ती तळघरात आहे, पळाली आहे की फितूर झाली आहे, हे टेबलावर कळेल.

आता टेबलावरचं यश बोर्डपर्यंत न्यायचं कसं? चिठ्ठीने, म्हणजे टेबलावर कमावलेल्या बोर्डवरच्या सवलतीने. एका सेशनची फार तर एक चिठ्ठी. तीन प्रकार पुरतात:

"दरवाजा": त्या प्रदेशात दोन्ही बाजूंचे फासे सारखे पडले तर ती बरोबरी आक्रमकाची. (एरवी रिस्कमध्ये बरोबरी बचाव करणाऱ्याची.)
"सेनापती गायब": बचाव करणारा एकच फासा टाकेल.
"मुदत": या टर्नला तिथे हल्लाच नाही.

आकड्यांत सांगतो. नेहमीच्या 3 विरुद्ध 2 फाशांत (आक्रमकाचे 3, बचाव करणाऱ्याचे 2) बचाव करणाऱ्याच्या दोन्ही तुकड्या जाण्याची शक्यता साधारण 37 टक्के, आक्रमकाच्या दोन्ही जाण्याची 29, एक-एक जाण्याची 34. म्हणजे जवळजवळ समसमान. तुमचा हल्ला फसला यात नवल काहीच नाही. "सेनापती गायब" लावलीत की 3 विरुद्ध 1, आणि आक्रमक 66 टक्के वेळा जिंकतो. पार्टीच्या कामाचं वजन दिसतं, तरी निकाल खिशात नसतो. त्यावर "दरवाजा"ही दिलात तर आकडा 83 वर जातो, मग फासे टाकायचे तरी कशाला? म्हणून चिठ्ठी एकच. नुसता 1 विरुद्ध 1 असेल तर "दरवाजा"मुळे आक्रमकाची शक्यता 36 पैकी 15 वरून 21 वर जाते. तेवढं पुरे.

चिठ्ठी खेळाडूच्या हातात द्या, डीएमच्या (डी अँड डीचा खेळ चालवणाऱ्याच्या) वहीत ठेवू नका. कोणत्या प्रदेशावर वापरायची ते त्यांना ठरवू द्या. आणि पार्टीने स्वतः किल्ल्याच्या पहारेकऱ्यांशी लढून किल्ला घेतलाच असेल, तर बोर्डवर फासे टाकूच नका. झेंडा बदला आणि पुढे चला. (हे रिस्कच्या नियमात बसत नाही, माहीत आहे. नसू दे.)

रिस्कमधले तीन नियम मी सरळ काढून टाकतो. पहिला, पत्ते. त्यांचे संच देऊन जादा तुकड्या मिळतात; संचांची किंमत 4, 6, 8, 10, 12, 15 आणि पुढे दर वेळी पाचाने वाढते. एक संध्याकाळ संपवायला ते उत्तम, पण सहा महिने चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये अचानक कोणाच्या तरी दारात 25 तुकड्या उतरतात आणि कथेत त्याला कारणच नसतं. दुसरा, साखळी हल्ले. एका टर्नमध्ये एक सैन्य अर्धा खंड पालथा घालतं आणि पार्टी अजून पहिल्या पुलावर असते. एका सत्तेला एका टर्नला एकच प्रदेश, फार तर तीन फेका. तिसरा, जिंकण्याची अट. सगळं जग एकाचं झालं तर तुमचं कॅम्पेन त्याच दिवशी संपलं.

वेळेचं प्रमाण मात्र नीट लावा, तिथे बरेच जण घसरतात. पाचव्या आवृत्तीत नेहमीच्या चालीने दिवसाला 24 मैल. बोर्डचा एक टर्न म्हणजे एक महिना धरलात तर पार्टी 720 मैल चालते आणि सैन्य एक प्रदेश. मग खेळाडू विचारणारच की सैन्य झोपलंय का. एक टर्न म्हणजे दहा दिवस धरा, आणि एक प्रदेश साधारण 100 मैलांचा. सैन्य पार्टीपेक्षा हळू चालेल, पण हास्यास्पद वाटणार नाही.

बोर्डचा टर्न सेशनच्या शेवटी खेळा, सुरुवातीला नको. सुरुवातीला खेळलात तर निकाल लागल्या लागल्या तुम्हाला नवीन प्रसंग हवेतून काढावा लागतो. शेवटी खेळलात तर पुढच्या सेशनपर्यंत तयारीला वेळ मिळतो. घड्याळ लावून वीस मिनिटं. आणि दोन्ही बाजूंचे फासे डीएमनेच टाकायचे, बाकीच्यांनी बघत बसायचं, हा प्रकार कृपा करून बंद करा. शत्रूचं राज्य एखाद्या खेळाडूला चालवायला द्या. ज्याचं कॅरेक्टर बेशुद्ध पडलंय तो तर आनंदाने घेईल.

कोणीतरी तुम्हाला डिप्लोमसी हा बोर्डगेम सुचवलंय. मी सावध करीन. फासे नाहीत, सात सत्ता, 34 पुरवठा केंद्रांपैकी 18 मिळवायची, आणि सगळा खेळ दिलेला शब्द मोडण्यावर. ज्यांना पुढच्या रविवारी एकमेकांना बरं करायचंय अशा पार्टीला आपसात हा खेळायला लावू नका. कटान या वसाहती वसवण्याच्या बोर्डगेमचं वेगळं. वसाहत उभी करायची कथा असेल तर त्याचे 19 हेक्स (षटकोनी तुकडे) झकास, फक्त एक फेक म्हणजे एक ऋतू धरा आणि दहा गुणांची शर्यत विसरा. दोन फाशांची बेरीज सात आली की चोर येतो, म्हणजे 36 पैकी 6 वेळा. त्याला दरोडेखोरांची टोळी करा, पुढच्या सेशनचं बीज फुकट मिळतं.

हे काही नवीन नाही, बरं का. 1974 च्या मूळ डी अँड डीने रानातल्या प्रवासासाठी अ‍ॅव्हलॉन हिलच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल'चा पट वापरायला सांगितलं होतं. पाणी साठण्याच्या जागा म्हणजे किल्ले, इमारती म्हणजे गावं. पट घ्यायचा आणि त्याचा अर्थ आपला लावायचा. चाळीस पानी हाउस रूल (स्वतःचे नियम) लिहून दोन नियमपुस्तिकांचं लग्न लावणारे पाहिले की मला हेच आठवतं.

हे सगळं रिस्क धरून लिहिलंय. तुमचं टेबल मुळात युद्धखेळांचं असेल आणि कॅरेक्टर तोंडी लावण्यापुरती असतील, तर माझं अर्ध म्हणणं उलटं करून वाचा.

जाता जाता: सेशन संपल्यावर बोर्डचा फोटो अगदी वरून घ्या, तिरका नको, नाहीतर पुढच्या तुकड्यांमागे मागच्या लपतात. 42 प्रदेशांना क्रमांक देऊन तुकड्यांची संख्या स्प्रेडशीटमध्ये भरा, आणि प्रत्येक सत्तेच्या सोंगट्या वेगळ्या पिशवीत. न वापरलेल्या चिठ्ठ्याही फोटोत येऊ द्या, त्यावरून वाद होतोच.