गावोगावच्या नोटा

प्रश्न : आजोबांच्या तिकिटांच्या वहीत काही रंगीत जर्मन नोटा सापडल्या. त्यांच्यावर ५० फेनिग (म्हणजे अर्धा मार्क) हे मूल्य, हामेल्न हे गावाचे नाव आणि पुंगीवाल्यामागे धावणाऱ्या उंदरांची चित्रे आहेत. एखादे गाव स्वतःची नोट कशी काढू शकते? या नोटांना आज मोल आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : या नोटांना 'नोटगेल्ड', म्हणजे अडचणीच्या वेळचा पैसा, म्हणतात. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मनीत लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली, पुढे निकेल आणि तांबे युद्धसामग्रीसाठी जाऊ लागले, आणि बाजारात सुट्ट्या पैशांची इतकी चणचण झाली की नगरपालिका, बचत बँका आणि कारखाने यांनी आपापल्या छोट्या रकमांच्या नोटा काढल्या. अशी नोट मुख्यतः त्या गावात आणि पंचक्रोशीतच चाले, कारण तिच्यामागे केवळ ती काढणाऱ्याची पत असे. चांदीची ओढाताण आपल्याकडेही होतीच. १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट निघाली, मात्र ती हिंदुस्थान सरकारने काढली होती.

तुमच्या आजोबांच्या वहीतील नोटा मात्र टंचाईपेक्षा हौसेच्या असाव्यात. संग्राहकाने विकत घेतलेली नोट वहीत जाऊन बसली, की तिचे पैसे कधीच परत द्यावे लागत नाहीत, हे युद्धानंतर पालिकांच्या चांगलेच ध्यानात आले. मग स्थानिक दंतकथांच्या चित्रांचे संचच्या संच निघू लागले, बीलेफेल्डच्या बचत बँकेने तर रेशमावर नोटा छापल्या, आणि काही संच वटवण्याची मुदत टळल्यावरही बिनदिक्कत विकले गेले. १९२२ मध्ये सरकारने हा व्यापार थांबवला. १९२३ च्या महागाईत पुन्हा गावोगावी नोटा निघाल्या, पण त्या घाईघाईने, पुष्कळदा एकाच बाजूने छापलेल्या आणि कोट्यवधी मार्कांच्या होत्या. त्या नोव्हेंबरात आलेल्या 'रेंटेनमार्क' या नव्या चलनाच्या एका मार्कला एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागत.

जपण्यासाठीच छापल्यामुळे चित्रांच्या नोटा आजही मुबलक मिळतात, त्यामुळे फार किमतीची अपेक्षा ठेवू नये. नोटेवर घड्या आणि बोटांचा मळ असेल, तर ती खरोखर बाजारात फिरली असण्याचा संभव आहे. माझ्या मते तीच अधिक मोलाची, जरी नोटांचे व्यापारी कोऱ्या नोटेला जास्त दाम देत असले तरी. नोटेवरील वर्ष व वटवण्याची मुदत टिपून ठेवावी, आणि नोटा वहीला चिकटल्या असल्यास त्या ओढून काढू नयेत.