जमिनीतून निघालेलं दुसऱ्या महायुद्धातलं गंजलेलं हेल्मेट कसं स्वच्छ करावं? सँडब्लास्टिंग करून पुन्हा रंगवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की लिलावात घेतलेलं जर्मन हेल्मेट बाहेरून पूर्ण तपकिरी झालंय, आत चामड्याचे थोडे तुकडे चिकटलेले आहेत आणि ते ‘नव्यासारखं’ करायचा तुमचा विचार आहे. कृपा करून सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा, करू नका. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रशही नको. मी बरीच वर्षं अशीच, जमिनीतून आलेली हेल्मेटं जमवतोय, आणि या छंदात सगळ्यात जास्त नुकसान मातीने केलेलं नसतं, घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी झालेलं असतं.

कारण असं. पत्रा सगळीकडे एकदम गंजत नाही. रंगाला जिथे ओरखडा गेलाय तिथून गंज सुरू होतो, फुगतो आणि आजूबाजूच्या शाबूत रंगावर पसरतो. वर्षानुवर्षं माती त्यात मिसळून त्याची कडक खपली बनते. म्हणजे वरून तपकिरी दिसणाऱ्या भागाखाली पुष्कळदा मूळ रंग जिवंत असतो. कधी करडा-हिरवा, कधी त्यावर हिवाळ्यासाठी फासलेला पांढरा चुना. तुम्हाला जपायचाय तो हा थर. सँडब्लास्टिंग खपलीबरोबर तोही उडवतं आणि हातात उरतो खड्डे पडलेला नागडा पत्रा.

आधी हेल्मेट ओळखून घ्या. वाऱ्याच्या भोकात वेगळी बसवलेली कडी असेल तर एम-३५, भोक पत्र्यातच ठोकून उठवलेलं असेल तर एम-४०, आणि काठ आत न वळवता नुसता बाहेर फाकवलेला असेल तर एम-४२. आतल्या डाव्या बाजूला कारखान्याची खूण आणि आकडा असतो: ‘ईटी’ म्हणजे थाले, ‘क्यू’ म्हणजे क्विस्ट, ‘ईएफ’ म्हणजे फुल्डा. आकडा डोक्याच्या मापाचा नसून पत्र्याच्या कवचाच्या मापाचा असतो. ६४ च्या कवचात ५६-५७ च्या डोक्याचं लायनर (आतलं चामड्याचं अस्तर) बसतं. हे आधी सांगतोय कारण या खुणा कुठे आहेत ते माहीत असलं की त्या जागी हात हलका राहतो. मागच्या पाळीची आतली बाजू तर मी सगळ्यात शेवटी घेतो. सैनिक आपलं नाव तिथे रंगाने लिहायचे, आणि ते नाव जोराने घासलं की कायमचं जातं.

आता प्रत्यक्ष काम. मोकळी माती साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. मग खपली. बांबूची काडी, लाकडी टोक, नाहीतर बोथट स्काल्पेल घ्या आणि खपलीच्या कडेखाली आडवं सरकवा, वरून टोचू नका. बरोबर जागा सापडली की खपली चिमटीएवढ्या तुकड्यात ‘टक्’ करून सुटते आणि खाली गुळगुळीत रंग दिसतो. सुटत नसेल तर ती जागा सोडून पुढे जा. हे काम कोरडं करू नका, पृष्ठभाग ओलसर ठेवा आणि मास्क लावा. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात नको.

उरलेल्या गंजासाठी ऑक्झॅलिक अॅसिड. लिटरभर कोमट पाण्यात २० ते २५ ग्रॅम पुरे. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. तुमच्या हेल्मेटात चामडं शिल्लक आहे, म्हणून ते बुडवायचं नाही. टिश्यू पेपर द्रावणात भिजवून बाहेरच्या बाजूवर चिकटवा, वर प्लास्टिक गुंडाळा आणि दर तासा-दोन तासांनी उचलून बघा. गंज पिवळसर होऊन सुटू लागतो. रंग स्वच्छ दिसू लागला की थांबा, जास्त वेळ ठेवलं तर रंगाची छटाही बदलते. मग भरपूर पाणी, खाण्याच्या सोड्याचं सौम्य द्रावण, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर मात्र अॅसिडच्या वाटेला जाऊ नका. अशा हेल्मेटात गंजानेच पत्रा धरून ठेवलेला असतो, गंज विरघळला की भोकं पडतात.

इलेक्ट्रोलिसिसबद्दलही लोक सांगतील, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून विजेने गंज काढणं. रंग उरला असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे, बुडबुडे आणि सोडा मिळून रंग उचकटतात. शिवाय आतली लायनरची कडी अॅल्युमिनियमची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली असू शकते, तिला धुण्याचा सोडा खातो. रंग अजिबात नसलेल्या कवचावर करायचंच असेल तर हवेशीर जागी करा, कारण हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टीलचा अॅनोड (विजेच्या धन टोकाला जोडायचा धातूचा तुकडा) कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

वाळवणं हा भाग लोक उरकून टाकतात. एम-३५ आणि एम-४० चा काठ आत वळवलेला असतो आणि त्या घडीत पाणी दडून बसतं. हेअर ड्रायरची कोमट हवा काठाभोवती हळूहळू फिरवा. चामड्यावर मात्र गरम हवा मारू नका, ते आक्रसून तडकतं. ते सावलीत आपोआप वाळू द्या. मग कवच किंचित कोमट असताना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासूनचं बारीक कणांचं मेण) पातळ थर द्या, म्हणजे मेण खड्ड्यांत उतरतं. जवसाचं तेल लावायला सांगणारे भेटतील. ते पुढे काळवंडतं आणि काढता येत नाही. वार्निशचंही तेच.

पुढची खरेदी करण्याआधी थोडं. खरा गंज एकसारखा नसतो. मातीत दबलेली बाजू जास्त खाल्लेली असते, दुसरी कमी. सगळीकडे सारखा भगवा दिसत असेल तर तो बहुधा अॅसिडने आणलेला. गोळीच्या भोकाची कड बाकीच्या पत्र्याइतकीच जुनी आणि झिजलेली दिसली पाहिजे, कारण किंमत वाढवायला नंतर गोळी झाडणारे आहेत. भूदलाच्या एम-४२ वर काळी-पांढरी-लाल ढाल दिसली तर सावध व्हा: भूदलाने ती खूण १९४० मध्येच बंद केली आणि हे मॉडेल आलं १९४२ मध्ये. ब्रिटिश ब्रॉडी हेल्मेट आणि अमेरिकन एम-१ मँगनीज पोलादाची असतात, त्यांना चुंबक जवळजवळ लागत नाही. घट्ट चिकटलं तर प्रश्न विचारा. सोव्हिएत एसएसएच-४० मात्र नवख्यासाठी उत्तम, खालच्या बाजूच्या सहा रिव्हेटांवरून ओळखू येतं.

स्वतः खोदायला निघू नका. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय मेटल डिटेक्टरने असा शोध घेणं बेकायदा आहे, आणि रणभूमीच्या मातीत न फुटलेले गोळे आजही जीव घेतात. विक्रेत्याला मात्र हेल्मेट कुठे सापडलं आणि सोबत काय होतं हे विचारा. जर्मन ओळखबिल्ला दोन भागांत तुटेल असा केलेला असे. सैनिक मेला की खालचा अर्धा तोडून नोंदीसाठी नेत. अख्खा बिल्ला आणि हेल्मेट एकत्र निघालं असेल तर तिथे नोंद न झालेला माणूस असण्याची शक्यता आहे. अशा वस्तू मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. जर्मन सैनिकांच्या कबरींचं काम १९१९ पासून फोल्क्सबुंड ही संस्था करते, ती माहिती तिच्याकडे जायला हवी.

तुमचं हेल्मेट मेण लावून झालं की कोरड्या जागी ठेवा आणि पहिलं वर्षभर अधूनमधून बघत राहा. पृष्ठभागावर घामासारखे बारीक नारिंगी थेंब दिसले तर आत क्लोराइड, म्हणजे मातीतून आलेला क्षार, शिल्लक आहे, मेण त्याला थांबवू शकत नाही. अशा वेळी घरी पुन्हा प्रयोग न करता धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. क्षार काढायला तिथे अल्कलीच्या द्रावणात, पाणी बदलत, काही आठवडे तरी लागतात.